इंग्लंडात चिरीमिरी नाही, मग पोस्टवाले जेलमध्ये का गेले?

माझे बाबा सांगलीला असतात. रविवारी फोन झाला की कधी ना कधी गाडी तिथे येतेच, तुमच्याकडे बरं आहे बाई, कुणाला पैसे चारायला लागत नाहीत, इथे सातबाऱ्यावर नाव चढवायचं तरी चपला झिजतात. आणि मग आजोबांचं वाक्य, इंग्रजांचं राज्य बरं होतं, निदान न्याय तरी होता. मी गेली बारा-तेरा वर्षं स्लाउमध्ये राहते, लंडनच्या पश्चिमेला, आणि बाबा म्हणतात त्यातला पहिला भाग खरा आहे हे आधीच कबूल करते. ड्रायव्हिंग लायसन्सचा फॉर्म पोस्टात टाकला आणि लायसन्स घरी आलं, मधे एजंट नाही, मुलीच्या शाळेच्या ॲडमिशनला डोनेशन नाही, दवाखान्यात नाव घालायला कुणाची चिठ्ठी नाही. साध्या माणसाला रोजच्या कामासाठी कुणापुढे हात जोडायला लागत नाहीत ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांनी आपल्याकडे ते सगळं सोसलंय त्यांनाच ती खरी कळते.

पण तो दुसरा भाग, न्यायाचा, तो मला आता पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की इथला भ्रष्टाचार खालच्या खिडकीवर नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. तो वर आहे. वर नियम करणारे, नियम मोडला का ते बघणारे आणि ज्यांनी मोडला असं लोक म्हणतात ते, असे सगळे एकाच चार-दोन शाळांतून आलेले असतात, एकमेकांना नावाने हाक मारतात आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवतात. बाहेरच्याच्या शब्दावर ठेवत नाहीत. पैसे हातावर ठेवले गेले नाहीत म्हणून कागदावर काही सापडत नाही, पण या विश्वासाचं बिल कुणीतरी भरतंच, आणि ते कोण भरतं हे बघायचं असेल तर पोस्टाच्या काउंटरवर जाऊन उभं राहावं लागतं.

आमच्या घराजवळ एक पोस्ट ऑफिस आहे. पोस्ट म्हणजे आपल्यासारखी सरकारी इमारत नाही, एका किराणा-पेपरच्या दुकानात मागच्या बाजूला काचेचा काउंटर. चालवणारे काका मूळचे गुजराती, केनियातून आलेले. दर राखीला माझी पाकिटं तेच वजन करतात, दिवाळीला एकदा माझ्या फराळाच्या खोक्यावर त्यांनी स्वतःची टेप लावून दिली होती चकल्या फुटू नयेत म्हणून. एकदा बंद व्हायच्या वेळेला गेले तर ते हिशोब लावत होते. नोटा रबरबँड लावून, नाणी पिशव्यांत, तिकिटांची पानं एकेक मोजून, मग कॉम्प्युटरवर आकडा टाकायचा आणि छोट्या प्रिंटरमधून पट्टी बाहेर यायची वाट बघायची. पट्टी आली, त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, जुळलं. मी म्हटलं काका नाही जुळलं तर? ते म्हणाले, तर माझे. कॉन्ट्रॅक्टच तसं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला तेव्हा जरा जास्तच वाटली होती, दोन-चार पौंडांसाठी माणूस इतका का घाबरेल असं वाटलं होतं. नंतर हे सगळं प्रकरण वाचलं आणि तो चेहरा आठवला.

प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 1999-2000 च्या सुमाराला ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने सगळ्या शाखांत होरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टीम बसवली, फुजित्सू कंपनीची. लगेच शाखांत तूट दिसायला लागली. कुठे दोन हजार, कुठे पंचवीस हजार, कुठे सत्तर हजार पौंड. शाखा चालवणारे लोक, ज्यांना इथे सबपोस्टमास्टर म्हणतात, हेल्पलाइनला फोन करायचे तर तिकडून सांगायचे, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. हे वाक्य शेकडो लोकांना वेगवेगळं सांगितलं गेलं. प्रत्येकाला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. लोकांनी घरातले पैसे भरले, घर गहाण टाकलं, भावाकडून उसने घेतले. तरी तूट परत यायचीच. मग पोस्टाचेच तपास अधिकारी येणार, पोस्टाचेच वकील खटला भरणार, कारण इंग्लंडात कंपनीला स्वतः फौजदारी खटला चालवता येतो, मधे पोलीस किंवा सरकारी वकील असायची गरज नाही. म्हणजे ज्याचे पैसे गेले असं म्हणणं, तोच तपासणारा, तोच कोर्टात उभा राहणारा. 1999 ते 2015 या काळात 900 पेक्षा जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटा हिशोब अशा गुन्ह्यांत शिक्षा झाल्या, त्यातले 700 च्या आसपास खटले पोस्टाने स्वतः चालवलेले. आणि पैसे कुठेच गेले नव्हते. सॉफ्टवेअर चुकत होतं.

मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे हे वाचताना मला नुसतं वाईट वाटत नाही, मला राग येतो. एक उदाहरण सांगते. स्कॉटलंडमधल्या डेलमेलिंग्टन नावाच्या गावातल्या पोस्टात 2015 मध्ये बाईंनी 8 हजार पौंडांची रोकड आल्याची नोंद केली, स्क्रीन अडकली, म्हणून त्यांनी परत एंटर दाबलं, परत दाबलं. सिस्टीमने ती रक्कम चार वेळा धरली. झाली 24 हजारांची तूट. आता एंटर दोनदा दाबलं तर काय होतं ही टेस्ट आमच्याकडे फ्रेशर पहिल्या आठवड्यात लिहितो. स्क्रीन अडकली की माणूस बटण परत दाबतोच, तुम्ही दाबता, मी दाबते. आणि असल्या सिस्टीमच्या आकड्यावर माणसं जेलमध्ये गेली.

कोर्टात कुणी विचारलं कसं नाही, तर त्यालाही कायदा आहे. 1984 च्या इंग्लिश कायद्यात कॉम्प्युटरचा पुरावा द्यायचा तर तो नीट चालत होता हे आधी दाखवावं लागायचं. 1999 मध्ये ते कलम काढून टाकलं. मग कोर्ट असं धरून चालणार की मशीन बरोबरच आहे, चुकतंय म्हणायचं असेल तर आरोपीने सिद्ध करावं. आता खेड्यातल्या पोस्टवालीने फुजित्सूचा कोड आणि बगची यादी कुठून आणायची, यादी तर कंपनीच्या कपाटात.

सीमा मिश्रा हे नाव लक्षात ठेवा. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीट गावात त्यांनी पोस्ट घेतलं, 74 हजार पौंडांची तूट दाखवली गेली, त्यांनी नातेवाइकांकडून पैसे घेऊन भरायचा प्रयत्न केला, चोरीचा गुन्हा कबूल केला नाही, कोर्टात उभ्या राहिल्या. नोव्हेंबर 2010 मध्ये गिल्डफर्डच्या कोर्टाने पंधरा महिन्यांची शिक्षा सुनावली. त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या स्वतः आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या. धाकट्या मुलाचा जन्म झाला तेव्हा पायात इलेक्ट्रॉनिक टॅग होता. आणि त्या दोषी ठरल्याचं कळल्यावर पोस्टाच्या वरच्या माणसाने मेल पाठवला, ब्रिलियंट न्यूज, वेल डन. 2024 मध्ये या प्रकरणासाठी नेमलेल्या चौकशी आयोगापुढे त्याने त्याबद्दल माफी मागितली. हा मेल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझे दिवस आठवले, आठव्या आठवड्यात मला सकाळी उठून पाणीसुद्धा पोटात राहत नव्हतं.

जो हॅमिल्टन, हॅम्पशायरमधल्या छोट्या गावाच्या पोस्टमिस्ट्रेस, त्यांना सांगितलं गेलं की खोट्या हिशोबाचा गुन्हा कबूल करा म्हणजे चोरीचा आरोप मागे घेऊ. त्यांनी कबूल केला, घर गहाण टाकलं, गावाने वर्गणी काढून पैसे भरले. गावाला माहीत होतं बाई चोर नाही. पण गावाच्या शब्दाला कोर्टात किंमत नव्हती. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन 25 हजारांच्या तुटीसाठी वकिलाशिवाय लढले तर पोस्टाचा कोर्टखर्चच 3 लाख 21 हजार पौंड त्यांच्या अंगावर टाकला आणि माणूस दिवाळखोर झाला. चौकशी आयोगाच्या जुलै 2025 च्या अहवालात लिहिलंय की या प्रकरणामुळे किमान 13 जणांनी जीव दिला असावा.

आता दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं बघा. पोस्टाच्या मुख्य अधिकारी पॉला व्हेनेल्स, 2012 ते 2019. हे सगळं उजेडात येत असताना, कोर्टात केस सुरू असताना, 2019 च्या नवीन वर्षाला त्यांना सीबीई हा किताब दिला. पोस्टाच्या सेवेबद्दल. त्या चर्चच्या पाद्रीही होत्या, आणि पोस्ट सोडल्यावर लंडनच्या एका मोठ्या हॉस्पिटल ट्रस्टच्या अध्यक्ष झाल्या. मला इथे एका बाईवर सगळं ढकलायचं नाहीये, वीस वर्षांत किती संचालक, किती मंत्री, किती बडे वकील येऊन गेले आणि प्रत्येकाने आधीच्याचा कागद पुढे ढकलला. पण किताब देणाऱ्या कमिटीला, मंत्र्यांना, बोर्डाला हा प्रश्न पडला नाही की एवढे शेकडो दुकानदार, ज्यांच्यावर गावांनी पेन्शनचे पैसे विश्वासाने सोपवले होते, ते सगळे एकदम चोर कसे झाले. सीईओच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला, दुकानदारांच्या शब्दावर बसला नाही, एवढंच झालं. कारण सीईओ त्यांच्यासारखी बोलते, त्यांच्यासारखी पत्रं लिहिते.

आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट. 2023 मध्ये माहितीच्या अधिकारात एक जुना कागद बाहेर आला. तपास अधिकाऱ्यांनी आरोपी कोणत्या वंशाचा दिसतो त्याचे कोड टाकायचे होते, त्यात आफ्रिकन लोकांसाठी शंभर वर्षांपूर्वीचा हिणवणारा शब्द होता आणि आपल्यासाठी इंडियन-पाकिस्तानी टाइप्स. पोस्टाने माफी मागितली. ठीक आहे. पण हा फॉर्म कुणीतरी टाइप केला, कुणीतरी पास केला आणि वर्षानुवर्षं भरला, कुणाचाही हात थांबला नाही.

हे का होतं याचं उत्तर मला माझ्या खिडकीतून अर्ध्या तासाच्या अंतरावर दिसतं. स्लाउ स्टेशनवरून विंडसरला जाणारी छोटी ट्रेन आहे, सहा मिनिटं लागतात. मधे मैदानं, नदी, आणि ईटन कॉलेज. पाहुणे आले की आम्ही त्यांना विंडसरचा किल्ला दाखवायला नेतो आणि परत येताना पुलावरून चालत ईटनच्या हाय स्ट्रीटवर. काळे लांब कोट घातलेली तेरा-चौदा वर्षांची मुलं पुस्तकं घेऊन रस्ता ओलांडत असतात. मुलं चांगली असतात, बाजूला होऊन वाट देतात, सॉरी म्हणतात. 1440 मध्ये राजा सहावा हेन्रीने ही शाळा काढली ती 70 गरीब मुलांना फुकट शिकवायला. आज फी वर्षाला 60 हजार पौंडांच्या वर आहे आणि आत्तापर्यंत देशाचे 20 पंतप्रधान या एका शाळेतून आलेत. माझी मुलगी तिथून दोन मैलांवर सरकारी शाळेत जाते, तिच्या वर्गात पंजाबी, पोलिश, सोमाली मुलं आहेत, त्यातलं एखादं ईटनच्या पोरापेक्षा नक्कीच हुशार असणार. पण इंग्लंडात साधारण 7 टक्के मुलं खाजगी शाळांत जातात आणि 2019 च्या पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी 65 टक्के आणि खात्यांच्या सर्वोच्च सचिवांपैकी 59 टक्के तिथून आलेले निघाले. या दोन आकड्यांमधली दरी नुसत्या हुशारीने भरत नाही.

मी असं म्हणत नाही की हे सगळे न्यायाधीश वाईट आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या माणसाने आयुष्यात कधी काउंटरच्या या बाजूला उभं राहून, माझी चूक नाही हो, असं कुणाला विनवलं नाही, त्याला सूटबुटातल्या माणसाचं तयार उत्तर खरं वाटणं आणि थरथरत्या आवाजातलं खरं बोलणं खोटं वाटणं हे फार सोपं आहे. त्यासाठी लाच लागत नाही. आपल्याकडे वशिला म्हणतात त्याला निदान शब्द तरी आहे आणि तो लावताना माणूस जरा तरी दबकतो. इथे ती माणसं त्याला ओळख म्हणतात, विश्वास म्हणतात, चॅप चांगला आहे म्हणतात, आणि त्यांना खरंच वाटतं की यात काही वावगं नाही.

डेव्हिड कॅमेरॉन ईटनचेच. पंतप्रधानपद सोडल्यावर ग्रीनसिल नावाच्या फायनान्स कंपनीत सल्लागार झाले आणि कोविडच्या काळात त्या कंपनीला सरकारी योजनेचे पैसे मिळावेत म्हणून अर्थमंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना मेसेज करत राहिले. 2021 मध्ये कंपनी बुडाली, संसदेच्या समितीने चौकशी केली आणि निष्कर्ष काय, तर तारतम्य सुटलं, पण लॉबिंगचा नियम मोडला नाही. मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं. नियम मोडला नाही हे वाक्य ऐकून आपण गप्प बसतो, पण खरी गोष्ट तीच आहे, की नियमच असा आहे की माजी पंतप्रधान हे करू शकतो. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तेच कॅमेरॉन लॉर्ड, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचे नेमलेले सदस्य, होऊन थेट परराष्ट्रमंत्री झाले, एकाही मतदाराला न विचारता.

कोविडमध्येच मास्क आणि गाऊनच्या खरेदीसाठी सरकारने एक खास रांग ठेवली होती, मंत्री, खासदार, लॉर्ड यांनी नाव सुचवलेल्या कंपन्यांसाठी. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने 2020 मध्ये सांगितलं की या रांगेतल्या कंपन्यांना दहात एकीला काम मिळालं आणि बाहेरच्यांना शंभरात एकीलाही नाही. जानेवारी 2022 मध्ये हायकोर्टाने ही रांग बेकायदा ठरवली. त्यातल्या एका कंपनीचं नाव लॉर्ड्सच्या सदस्य मिशेल मोन यांनी सुचवलं होतं, आपला संबंध नाही असं त्या वर्षानुवर्षं सांगत राहिल्या आणि डिसेंबर 2023 मध्ये टीव्हीवर कबूल केलं की ते खरं नव्हतं. ऑक्टोबर 2025 मध्ये कोर्टाने त्या कंपनीला 122 मिलियन पौंड परत करायला सांगितलं कारण अडीच कोटी गाऊन निर्जंतुक असल्याचं सिद्ध झालं नाही. कोविडच्या त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या केरळी नर्स, तीन जणी, कचऱ्याच्या पिशव्या अंगाला बांधून वॉर्डात जात होत्या.

हाउस ऑफ लॉर्ड्सबद्दल आपल्याकडे लोकांना वाटतं ती आता शोभेची गोष्ट आहे. शोभेची नाही, तिथे कायद्यांत बदल होतात. 1999 मध्ये सुधारणा केली तरी वंशपरंपरेने येणारे 92 जण ठेवलेच, आणि त्यातला एक गेला की पोटनिवडणूक व्हायची. 2016 च्या एका पोटनिवडणुकीत सात उमेदवार होते आणि मतदार तीन. व्हायकाउंट थर्सो तिन्ही मतं घेऊन निवडून आले. आपल्याकडे सोसायटीच्या कमिटीला यापेक्षा जास्त मतदान होतं. आणि किताब विकण्याविरुद्ध कायदा आहे का, तर आहे, पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या काळात सरदारक्या उघड विकल्या जायला लागल्या म्हणून 1925 साली केला. इतक्या वर्षांत त्या कायद्याखाली शिक्षा झाली एकाच माणसाला, 1933 मध्ये, आणि तो दलाल होता. विकणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या एकालाही नाही.

जमिनीचं तर बोलायलाच नको, पण बोलते, कारण तिथे मी स्वतः अडकले. आम्ही 2016 मध्ये फ्लॅट घेतला, लीजहोल्ड. म्हणजे पैसे पूर्ण आपले, कर्ज आपलं, पण जमीन आणि इमारत दुसऱ्याची, आपण सव्वाशे वर्षांचे भाडेकरू. वर्षाला ग्राउंड रेंट द्यायचं, त्याच्या बदल्यात काहीही मिळत नाही, नुसतं जमीन त्यांची म्हणून. आमचा फ्रीहोल्डर, म्हणजे जमिनीचा मालक, दोनदा बदलला, आम्हाला न विचारता, पत्राने कळलं. सर्व्हिस चार्ज तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला, हिशोब मागितला तर चार पानी पीडीएफ आली ज्यात इतर खर्च या नावाखाली सगळ्यात मोठा आकडा. माझं आजोळ राजापूरकडचं. आजी सांगायची खोताला फणससुद्धा द्यायला लागायचा. ती खोती 1949 च्या कायद्याने आपण रद्द केली, कुळांना जमीन मिळाली, वाद झाले, कोर्टबाजी झाली पण झालं. आणि मी 2016 साली लंडनजवळ पौंडात पगार घेऊन परत कूळ झाले. इथे सुधारणेचे कायदे 2022 आणि 2024 मध्ये झालेत, नवीन घरांना ग्राउंड रेंट गेलं, पण जुन्या लीजवाल्यांचा प्रश्न अर्धवट लटकलाय.

आणि ही जमीन आली कुठून? लंडनमधला मेफेअर आणि बेलग्रेव्हिया, जगातली महागातली जागा, तिथला मोठा भाग ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या घराण्याकडे आहे कारण 1677 मध्ये त्यांच्या पूर्वजाने मेरी डेव्हिस नावाच्या बारा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि तिच्या नावावर ती दलदलीची शेतं होती. 2016 मध्ये आधीचे ड्यूक वारले तेव्हा 25 वर्षांच्या मुलाकडे साधारण 9 बिलियन पौंडांची इस्टेट आली, आणि ती बहुतेक ट्रस्टमध्ये असल्यामुळे 40 टक्के वारसा कर सगळ्यावर लागला नाही. कायदेशीर, पूर्ण कायदेशीर. माझ्या ऑफिसमधल्या एका इंग्लिश सहकाऱ्याने आईच्या घरावर तो कर भरला, घर विकून.

याला उत्तर म्हणून मला लोक सांगतात, आमच्या मंडळाच्या गणपतीतही यावर वाद झालाय, की बघ ना, शेवटी पोस्टवाल्यांना न्याय मिळालाच ना, न्यायाधीशाने सत्य सांगितलं, चौकशी झाली, शिक्षा रद्द झाल्या, भारतात झालं असतं का. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. पोस्टाच्या खटल्यात जस्टिस फ्रेझर यांनी डिसेंबर 2019 मध्ये लिहिलं की होरायझनबद्दल पोस्टाचं म्हणणं म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखं आहे. असं लिहिणारा न्यायाधीश असणं, 2009 पासून हे लावून धरणारं कॉम्प्युटर वीकलीसारखं साप्ताहिक असणं, याला किंमत आहे. पण कसा मिळाला तो बघा. ॲलन बेट्स, वेल्समधल्या लँडुडनोचे पोस्टवाले, 2003 मध्ये त्यांचं पोस्ट काढून घेतलं, त्यांनी 2009 मध्ये बाकीच्यांना एका खेड्यातल्या हॉलमध्ये जमवलं, 555 जण कोर्टात गेले. मधे पोस्टाने काय केलं तर केस चालू असताना न्यायाधीशच बदला असा अर्ज केला, पक्षपाती आहेत म्हणून. शेवटी तडजोड झाली 57.75 मिलियन पौंडांची, त्यातले 46 मिलियनच्या आसपास वकील आणि खटल्याला पैसे पुरवणाऱ्यांकडे गेले. पोस्ट सरकारी मालकीचं, त्याचा खर्च लोकांच्या पैशातून, आणि समोरचे मात्र बाहेरून पैसे घेऊन लढतायत, अशी ही लढाई. 2021 मध्ये अपील कोर्टाने 39 जणांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या तरी देश फारसा हलला नाही. हलला कधी, जानेवारी 2024 मध्ये, टीव्हीवर चार रात्री या प्रकरणावरची मालिका दाखवली तेव्हा. व्हेनेल्सचा किताब काढून घ्या म्हणून दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या, व्हेनेल्सनी किताब परत केला आणि जे वीस वर्षं अशक्य होतं ते पार्लमेंटने मे पर्यंत कायदा करून टाकलं, शेकडो जणांच्या शिक्षा एकदम रद्द. ज्या न्यायाला टीव्ही मालिकेची वाट बघावी लागते त्यावर मी बाबांसारखा विश्वास कसा ठेवू? आणि हे लिहीपर्यंत पोस्टाच्या किंवा फुजित्सूच्या एकाही बड्या माणसाला शिक्षा झालेली नाही.

आणि हे एकच प्रकरण असतं तर म्हटलं असतं चुकलं एकदा. हिल्सबरोला 1989 मध्ये फुटबॉलच्या मॅचला चेंगराचेंगरीत 97 माणसं गेली, पोलिसांनी स्वतःच्याच शिपायांचे 164 जबाब बदलले आणि दोष प्रेक्षकांवर टाकला, घरच्यांना ते खोटं आहे हे ज्यूरीकडून ऐकायला 2016 उजाडलं. ग्रेनफेल टॉवर 2017 मध्ये जळाला, 72 माणसं गेली, लंडनच्या सगळ्यात श्रीमंत भागांपैकी एकात, आणि तिथल्या रहिवाशांनी आगीबद्दल आधीच लिहून ठेवलं होतं. प्रत्येक वेळी तक्रार करणारा कामगार वस्तीतला नाहीतर बाहेरून आलेला, आणि उत्तर देणारा पॉलिश्ड. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने एक विधेयक आणलं, सरकारी अधिकाऱ्यांनी चौकशीत खरं बोलणं बंधनकारक करणारं. 97 माणसांच्या घरच्यांना त्यासाठी 36 वर्षं मागे लागावं लागलं. मला वाटतं ते विधेयक कुठलीही सूट न देता पास व्हायला हवं, कंपन्यांचा स्वतः फौजदारी खटले चालवायचा अधिकार काढायला हवा, आणि कॉम्प्युटर बरोबरच आहे असं धरून चालायची पद्धत बंद व्हायला हवी, हे शेवटचं तर माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

बाबांना मी मागच्या रविवारी रंगो बापूजींची आठवण करून दिली, साताऱ्याचे, त्यामुळे त्यांना माहीत होतेच. 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, खोट्या कागदांवर, आणि त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी न्याय मागायला लंडनला आले. त्यांचीही श्रद्धा हीच होती, की हिंदुस्थानातले साहेब बिघडलेत पण वर लंडनला खरं सांगितलं की न्याय होईल. सुमारे चौदा वर्षं ते लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीत अर्ज देत राहिले, भाषणं केली, पत्रकं छापली, कर्ज झालं. महाराज 1847 मध्ये काशीला नजरकैदेतच वारले. रंगो बापूजी 1853 मध्ये रिकाम्या हाताने परत गेले. त्या जागेवर आता लॉइड्सची स्टीलची इमारत आहे, आमच्या एका क्लायंटचं ऑफिस तिथून जवळ असल्यामुळे मी बऱ्याचदा त्या रस्त्याने जाते.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, त्या पोस्टवाल्यांना पैसे मिळाले का गं? म्हटलं, काहींना मिळाले. काही अजून फॉर्म भरतायत, त्यात जुन्या हिशोबाचे कागद मागतात, आणि ते कागद तपासाला आलेल्या लोकांनी तेव्हाच खोक्यात भरून नेले होते.